घराघरांत रूळ अंथरणारा हिशेबनीस

मेकॅनो आणि खेळण्यातील रेल्वेचे जनक फ्रँक हॉर्नबी यांची जीवनकथा

बीड : मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे औचित्य साधून १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहर अखेर रेल्वेच्या नकाशावर आले. परळी वैजनाथला निजामाच्या राजवटीपासून रूळ होते. मात्र जिल्ह्याच्या मुख्यालयाला त्यांची वाट पाहावी लागली. अहमदनगर-बीड-परळी मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. डिझेलवर धावणारी डेमू गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीपर्यंत आली आणि बीडपर्यंत पोहोचायला आणखी तीन वर्षे गेली. खरी रेल्वे अशी भूसंपादन, निधी, पूल आणि बोगदे यांच्या गतीने सरकते. घरातल्या टेबलावर मात्र ती एका संध्याकाळी सुरू करता येते. ही सोय जगभरातील मुलांना ज्याने करून दिली, तो इसम अभियंता नव्हता की रेल्वेचा नोकरही नव्हता. तो लिव्हरपूलमधील एका व्यापाऱ्याकडे वह्या लिहिणारा हिशेबनीस होता. त्याचे नाव फ्रँक हॉर्नबी.

हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूलमधील कॉपरस हिल या भागात झाला. वडील जॉन हॉर्नबी किराणा व खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. फ्रँक यांनी सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि वडिलांच्याच पेढीत रोखपालाचे काम पत्करले. १८८७ मध्ये शिक्षिका असलेल्या क्लारा गॉडफ्रॉय यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८९९ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि पेढी बंद पडली. छत्तीस वर्षांच्या हॉर्नबींना पोटासाठी दुसऱ्याची चाकरी धरावी लागली. मांसाची आयात करणारे व्यापारी डेव्हिड ह्यू इलियट यांच्याकडे ते हिशेबनीस म्हणून रुजू झाले.

दिवसभर आकडेमोड आणि रात्री घरी छोट्याशा कार्यशाळेत खटपट, असा त्यांचा क्रम होता. रोलंड आणि डग्लस या मुलांसाठी ते पत्रा कापून पूल, मालडबे आणि याऱ्या करीत. यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण नसल्याने प्रत्येक भाग चुकतमाकतच तयार होई. त्यात एक अडचण वारंवार येई. पुलासाठी कापलेला तुकडा पुलापुरताच उपयोगी पडे आणि यारीसाठी सारे भाग पुन्हा नव्याने कापावे लागत. मुलांचा हट्ट रोज नवा असे, बापाचा वेळ मात्र मोजकाच होता.

हॉर्नबींनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, नाताळच्या सुमारास रेल्वेने प्रवास करताना खिडकीतून एक यारी त्यांच्या दृष्टीस पडली आणि त्यांना उत्तर सुचले. सर्व पट्ट्यांची रुंदी सारखी ठेवायची, त्यांना ठरावीक अंतरावर छिद्रे पाडायची आणि नट-बोल्टने त्या जोडायच्या. मग तीच पट्टी आज पुलाची तुळई होईल आणि उद्या यारीचा हात. अर्धा इंच रुंदीची पट्टी आणि अर्ध्या अर्ध्या इंचावर छिद्र, हे माप त्यांनी निश्चित केले. जोडलेली वस्तू सोडवता येणे आणि सोडवलेली पुन्हा वेगळ्या रूपात जोडता येणे, हेच या शोधाचे मर्म होते.

पेटंट घेण्यासाठी मात्र गाठीला पैसे नव्हते. हॉर्नबींनी मालकाकडून पाच पौंड उसने घेतले आणि १९०१ च्या जानेवारीत पेटंटचा अर्ज दाखल केला. इलियट यांनी शेजारची जागा दिली आणि ते भागीदारही झाले. १९०२ मध्ये पहिला संच साडेसात शिलिंगांना बाजारात आला. यंत्रविद्या सोपी करून देणारा खेळ, अशा अर्थाचे त्याचे इंग्रजी नाव होते. उत्पादकांना आणि दुकानदारांना त्यात फारसे स्वारस्य नव्हते. पट्ट्या, चाके आणि स्क्रू भरलेल्या पेटीत तयार खेळणे कोठेच दिसत नव्हते. लिव्हरपूल विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी पाठराखण केल्याने या कल्पनेला वजन प्राप्त झाले. तरीही नफा दिसण्यास १९०६ साल उजाडावे लागले.

१९०७ मध्ये मेकॅनो हे सुटसुटीत नाव नोंदवले गेले आणि पुढच्या वर्षी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. इलियट या टप्प्यावर बाजूला झाले. पंचेचाळिशीला आलेल्या हॉर्नबींनी साऱ्या उद्योगाचा भार एकट्याच्या खांद्यावर घेतला. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. पुढील साठ-पासष्ट वर्षे हा पत्ता जगभरच्या मुलांना पाठ होता.

चावीची गाडी

पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश मुलांच्या हाती येणाऱ्या खेळण्यातील आगगाड्या बहुतांशी जर्मनीतून येत. युद्धाने ही आवक थांबली. ती पोकळी हेरून १९२० मध्ये हॉर्नबींनी स्वतःच्या नावाची रेल्वे बाजारात आणली. हे पहिले इंजिन चावीवर चाले. विशेष म्हणजे ते मेकॅनोप्रमाणेच नट-बोल्टने जोडलेले असल्याने मुलांना पूर्ण सुटे करून पुन्हा जोडता येई. १९२५ मध्ये विजेवर चालणारी गाडी आली. १९३४ पासून त्यांच्या छोट्या मोटारी डिंकी या नावाने विकल्या जाऊ लागल्या.

हॉर्नबींची खरी हुशारी मालाइतकीच ग्राहकाला सामावून घेण्यात होती. १९१६ मध्ये त्यांनी मेकॅनोचे मासिक सुरू केले. त्यात पूल, जहाजे आणि इंजिने यांची माहिती असे आणि मुलांसाठी स्पर्धा असत. आपण रचलेली प्रतिकृती पोस्टाने पाठवणे अशक्य, म्हणून स्पर्धक तिचे छायाचित्र किंवा रेखाटन पाठवीत. गल्लीबोळातल्या खोलीत तयार झालेली यारी या मार्गाने हजारो वाचकांसमोर येई. प्रतिकृती घडवायची आणि तिचा फोटो काढून इतरांना दाखवायचा, ही या छंदाची जोडगोळी तेव्हापासूनची आहे.

पाच पौंड उसने घेणारा हिशेबनीस लक्षाधीश झाला. १९३१ मध्ये ते एव्हर्टन मतदारसंघातून हुजूर पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले. १९३५ च्या निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत. प्रकृती खालावत गेली आणि २१ सप्टेंबर १९३६ रोजी लिव्हरपूलमध्ये त्यांचे निधन झाले. शहराबाहेरील मगल या गावी सेंट अँड्र्यू चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. रोलंड यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली.

डिझेल आले, कारखाना मागे पडला

हॉर्नबी यांच्या नावाचा सर्वाधिक बोलबाला झाला तो त्यांच्या पश्चात आलेल्या रेल्वेमुळे. १९३८ मध्ये निघालेल्या हॉर्नबी डब्लोचे प्रमाण होते एकास शहात्तर. यात एक गमतीदार विसंगती होती. ब्रिटिश इंजिने आकाराने लहान असल्याने त्या काळची विजेची मोटार त्यांच्या प्रतिकृतीत मावत नसे. म्हणून इंजिन थोडे मोठे केले गेले, रुळांचे अंतर मात्र साडेसोळा मिलिमीटरच राहिले. परिणामी ब्रिटिश छंदिष्टांची इंजिने आजही रुळांच्या मानाने किंचित रुंद दिसतात.

युद्धानंतर ब्रिटिश रेल्वेने वाफेला निरोप देण्याचे ठरवले. १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेनंतर डिझेल इंजिनांची रांग लागली. १९५७ मध्ये इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचे हजार अश्वशक्तीचे इंजिन रुळांवर आले आणि पाठोपाठ १९५८ मध्ये त्याची डब्लो प्रतिकृती दुकानात पोहोचली. १९६१ मध्ये ३३०० अश्वशक्तीची डेल्टिक इंजिने लंडन-एडिनबरा मार्गावर धावू लागली आणि त्याच वर्षी तिची प्रतिकृतीही निघाली. ही डेल्टिक लिव्हरपूलपासून जवळच असलेल्या व्हल्कन फाउंड्रीत तयार होत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीची इंजिनेही याच कारखान्याने पाठवली होती. महाराष्ट्राच्या पहिल्या आगगाडीचे आणि हॉर्नबीच्या पेटीतील डिझेलचे माहेर असे एकच निघते.

काळाशी जुळवून घेणारी इंजिने काढूनही कंपनीचा पाया मात्र जुनाच राहिला. डब्लोची जड धातूची बांधणी आणि तीन पट्ट्यांचे रूळ महाग पडत. ट्रायँग या प्रतिस्पर्ध्याने पन्नाशीच्या दशकाच्या आरंभापासूनच प्लास्टिकची स्वस्त गाडी आणि खऱ्यासारखे दिसणारे दोन पट्ट्यांचे रूळ दिले. डब्लो दोन पट्ट्यांवर आली ती १९५९ मध्ये. तोवर उशीर झाला होता. कोणताही भाग काढून नवा बसवता यावा, या कल्पनेवर उभी राहिलेली कंपनी स्वतःची घडी वेळेवर मोडू शकली नाही. १९६४ मध्ये ट्रायँगच्या मालकांनी ती विकत घेतली. १९७९ च्या नोव्हेंबरअखेर बिन्स रोडचा कारखाना कायमचा बंद झाला आणि शेकडो कामगारांच्या हातचे काम गेले. हॉर्नबी हे नाव मात्र ट्रायँगच्या मारगेट येथील रेल्वेने उचलले आणि आजही ते पेट्यांवर छापले जाते.

छंदिष्टांच्या हाती

खऱ्या डेल्टिक १९८२ च्या आरंभी नियमित सेवेतून गेल्या. ज्यांनी बालपणी त्या फलाटावरून पाहिल्या, ते आता घरात त्या पुन्हा धावत्या करतात. डिझेलची प्रतिकृती जागेच्या दृष्टीने सोयीची असते. दोन्ही टोकांना चालकाची खोली असल्याने इंजिन फिरवण्यासाठी चकती लागत नाही आणि बोगींमुळे तीव्र वळणही जमते. प्लायवूडच्या फळीवर कॉर्कचा थर, त्यावर रूळ, त्यांत पातळ केलेल्या डिंकाने चिकटवलेली बारीक खडी, एक शेड आणि इंधनाची टाकी एवढ्यावर छोटे आगार उभे राहते. खरा कस पुढे लागतो. कारखान्यातून आलेले चकचकीत इंजिन खोटे वाटते. धुराड्याभोवती काजळी, चाकांवर गंज आणि तेलाचे ओघळ रंगवल्यावरच त्याला वय येते.

या कामाचा कठोर परीक्षक म्हणजे कॅमेरा. वरून काढलेल्या फोटोत खेळणे दिसते. म्हणून कॅमेरा फळीच्या पातळीवर, दोन-अडीच सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या नजरेला येईल असा ठेवतात. जवळचा बफर आणि दूरचा सिग्नल दोन्ही स्पष्ट यावेत यासाठी लेन्सचे छिद्र लहान करून प्रकाश जास्त वेळ घेतात. दिवा एकाच बाजूने येतो, कारण सूर्य एकच असतो. एवढे करूनही डब्यावरचा धुळीचा कण फोटोत उशीएवढा दिसतो आणि खडीतला डिंक चमकतो. चूक सापडली की तो भाग उखडून पुन्हा बसवायचा.

महाराष्ट्रातही या छंदाला जुने वेड लागलेले आहे. पुण्यात कोथरूडला कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांच्या ध्यासातून साकारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. तेथे एकास सत्त्याऐंशी प्रमाणातील गाड्या सिग्नल पाळत एका लहानग्या शहरातून धावतात. ज्यांच्या घरी आयात केलेली महागडी पेटी कधी आली नाही, अशा मुलांच्या पिढ्यांनी काचेपलीकडची ती गाडी डोळे भरून पाहिली आहे.

हॉर्नबींनी स्वतः डिझेलवर धावणाऱ्या ब्रिटिश गाड्यांचे युग पाहिले नाही आणि आपल्या नावाची डब्लोही पाहिली नाही. त्यांनी स्थापलेला कारखाना गेला, मालक बदलले, धातूची जागा प्लास्टिकने घेतली. टिकली ती त्यांनी हिशेबाच्या वह्या मिटल्यावर शोधलेली एक सवय : वस्तू स्वतःच्या हाताने जोडावी, चुकली तर सोडवावी आणि पुन्हा जोडावी. बीडमध्ये आता खरी गाडी आली आहे. ती पाहून घरी परतलेल्या एखाद्या मुलाने पुठ्ठा, पट्ट्या आणि चार स्क्रू मागितले, तर ते त्याला द्यावेत. लिव्हरपूलच्या हिशेबनिसानेही सुरुवात पत्र्याच्या तुकड्यांपासूनच केली होती.