होरेस केपहार्ट

होरेस केपहार्ट (८ सप्टेंबर, १८६२ - २ एप्रिल, १९३१) हे अमेरिकन ग्रंथपाल व वनजीवनविषयक लेखक होते. त्यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. सेंट लुईस येथील मर्कंटाइल ग्रंथालयाची नोकरी सुटली, प्रकृती ढासळली आणि पत्नी व सहा मुलांपासून ते दुरावले. १९०४ साली ते नॉर्थ कॅरोलिनातील ग्रेट स्मोकी पर्वतराजीत एकटेच राहू लागले.

१९०६ साली त्यांचे 'द बुक ऑफ कॅम्पिंग अँड वुडक्राफ्ट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. बाजारातील जाड, अवजड, दिखाऊ शिकारी सुरे मांस कापणे, काठी तासणे अशा रोजच्या कामांस निरुपयोगी ठरतात, असे मत त्यांनी मांडले. त्यांच्या पसंतीचा सुरा साधा होता. पाते व मूठ प्रत्येकी सव्वाचार इंच. पोलादाला पाणी असे दिलेले असावे की, ओले कठीण लाकूड कापले जाईल, परंतु गाठीवर वा हाडावर आदळल्यास धार फार तर वळेल, तिचा टवका उडणार नाही, ही त्यांची कसोटी होती. या नमुन्याचे सुरे आजही बनविले जातात.

या पर्वतराजीचे राष्ट्रीय उद्यान व्हावे यासाठी केपहार्ट झटले. मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. उद्यान १९३४ साली स्थापन झाले. तेथील एका शिखरास त्यांचे नाव देण्यात आले आहे.