३९ अंकी संख्या आणि गालावरची जखम

फ्रान्समधील आमियाँ येथे १८४२ मध्ये जन्मलेले एदुआर ल्युका शाळेत गणित शिकवत. ‘हनोईचा मनोरा’ हे कोडे त्यांचेच. २ चा १२७वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही, हे त्यांनी १८७६ मध्ये दाखवले. एकेका संख्येने भागून पाहायला आयुष्य पुरले नसते. त्यांनी वेगळी रीत शोधली: ३ चा वर्ग करून २ वजा करायचे, उत्तराला मोठ्या संख्येने भागून बाकी घ्यायची आणि बाकीवर हेच पुन्हा करायचे. १२५व्या खेपेला बाकी शून्य आली, तर संख्या मूळ.

१८९१ मध्ये मार्सेयच्या विज्ञान परिषदेत भोजनाच्या वेळी वाढप्याच्या हातून ताटली फुटली. तिचा तुकडा ल्युकांच्या गालाला लागला. जखमेत जंतुसंसर्ग झाला. तो आवरणारे पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचायला अजून अर्धशतक होते. ३ ऑक्टोबरला, ४९व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या संख्येपेक्षा मोठी मूळ संख्या १९५१ पर्यंत कुणालाही सापडली नाही. पुढे लेमर यांनी सुधारलेली त्यांची रीत आज संगणक वापरतात.