चपळाईचे पदक

कुस्ती म्हटली की धिप्पाड देहाचा मल्ल डोळ्यांसमोर उभा राहतो. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव मात्र चणीने लहान होते. त्यांची कारकीर्द घडवली ती चपळाईने.

१५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. वडील नामांकित मल्ल असल्याने तालमीचे संस्कार घरातच मिळाले. प्रतिस्पर्ध्याची मान जखडून त्याला क्षणार्धात खाली आणणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. थोराड मल्लाशी ताकदीची बरोबरी करण्यापेक्षा तो सावध होण्यापूर्वीच डाव टाकावा, हे त्यांच्या कुस्तीचे सूत्र होते.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते फ्लायवेट गटात उतरले. आयुष्य मातीत गेलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्ती आणि तिचे गुणांचे नियम नवे होते. तरीही ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी अवघ्या काही मिनिटांत नमवले आणि सहावे स्थान मिळवले.

पुढच्या ऑलिम्पिकसाठी पैशांची अडचण होती. गावोगावी वर्गणी गोळा झाली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशीशी झालेल्या प्रदीर्घ लढतीत ते पराभूत झाले. त्या दमछाकीनंतर लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी झुंजावे लागले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता. परंतु तो बजावून सांगणारा एकही भारतीय अधिकारी तेथे नव्हता. दम टिकला तरच चपळाई टिकते. थकलेल्या खाशाबांना कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांच्या ताफ्यातून त्यांची मिरवणूक निघाली. १९५५ मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार लाभला तो मरणोत्तर. भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. विजेच्या वेगाने डाव टाकणाऱ्या या मल्लाच्या वाट्याला सन्मान मात्र फार संथ पावलांनी आला.