स्वतःच्या हृदयात नळी घालणारे डॉक्टर

हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेता येते, हे पहिल्यांदा दाखवले ते वेर्नर फोर्समन यांनी. जन्म १९०४, बर्लिन. डॉक्टर झाल्यावर एबर्सवाल्ड या छोट्या गावातल्या रुग्णालयात ते कामाला लागले. औषध थेट हृदयात पोहोचवायचे तर हा मार्ग सोपा, असे त्यांना वाटे. वरिष्ठांनी परवानगी नाकारली.

निर्जंतुक हत्यारे परिचारिका गेर्डा डिट्झन यांच्या ताब्यात होती. १९२९ च्या उन्हाळ्यात त्या स्वतःवर प्रयोग करून घ्यायला तयार झाल्या. फोर्समन यांनी त्यांना टेबलावर झोपवून बांधले आणि त्यांच्या नकळत स्वतःच्या डाव्या कोपराजवळ भूल देऊन लघवीसाठी वापरायची बारीक नळी शिरेत सरकवली. मग त्यांना सोडवून, नळी तशीच ठेवून, दोघे जिना उतरून एक्स-रे खोलीत गेले. नळी ६५ सेंटिमीटर आत होती. टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात दिसले.

फोर्समन यांचे धाडस सगळे सांगतात. मला टेबलावर बांधलेल्या डिट्झनबाई जास्त आठवतात. तयारी त्यांची झाली, पण खरे काय होणार हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

पुढे टीका वाट्याला आली, फोर्समन मूत्ररोगांकडे वळले. नाझी पक्षाचे सदस्यत्व हा आयुष्यातला डाग राहिलाच. अमेरिकेत कूर्नान आणि रिचर्ड्स यांनी हेच तंत्र पुढे नेले आणि १९५६ चे नोबेल तिघांना मिळाले. १९७९ मध्ये फोर्समन वारले.

आज अँजिओग्राफी करून अनेक जण त्याच दिवशी घरी जातात. त्यामुळे तयारीचा बराच भार घरच्यांवर येतो. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याहून मोठ्या शहरात जायचे तर पहाटेच निघावे लागते. उपाशीपोटी या, एवढेच ऐकलेले रुग्ण रक्तदाबाची गोळीही घेत नाहीत; दाब चढला की तपासणी पुढे ढकलावी लागू शकते. ही गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते. मधुमेहाची गोळी आणि इन्सुलिन यांचे मात्र वेगळे. उपाशीपोटी घेतल्यास साखर घसरू शकते. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नये. तपासणीत सोडला जाणारा डाय मूत्रपिंडातून बाहेर पडतो, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट, जुन्या ॲलर्जीची माहिती आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत हवीत. कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, हे तारीख मिळते त्याच दिवशी डॉक्टरांकडून मराठीत कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद सोबत येणाऱ्या माणसालाही वाचायला द्या.