चोर येऊन गेला हे सांगणारं कुलूप विकणारे अर्देशीर गोदरेज, ज्यांनी खोटं बोलावं लागतं म्हणून वकिली सोडली

मोशी, चिखली, रावेत, वाकड. पिंपरी-चिंचवडच्या या भागांतल्या कितीतरी घरांत सकाळी आठ ते संध्याकाळी सहा कुणीच नसतं. एक जण चाकणला फर्स्ट शिफ्टला, दुसरा हिंजवडीला, मुलं शाळेत. म्हणून मग घरात अलार्म बसतो. दाराच्या चौकटीला मॅग्नेटचा सेन्सर, हॉलच्या कोपऱ्यात हालचाल टिपणारा सेन्सर, बाहेर सायरन आणि दाराशेजारी कोड टाकायचा कीपॅड.

ही सिस्टीम लावताना खरं तर तीन गोष्टी ठरवायच्या असतात. आत यायचा अधिकार कुणाकुणाला, तो काढून कसा घ्यायचा, आणि भलत्याच माणसाने प्रयत्न केला तर मालकाला कळणार कसं.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मुंबईतल्या एका माणसाने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, विजेची एकही तार न वापरता, पितळ-पोलादाच्या कुलपात बसवून बाजारात विकली होती. त्यांचं नाव अर्देशीर गोदरेज.

कोर्टात मन लागलं नाही

अर्देशीर यांचा जन्म १८६८ सालचा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. १८९० मध्ये त्यांचं बच्चूबाईंशी लग्न झालं. पण वर्षभरातच, एप्रिल १८९१ मध्ये, मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून खाली पडून बच्चूबाई आणि त्यांच्यासोबत असलेली नात्यातली एक मुलगी, अशा दोघींचा मृत्यू झाला. या प्रकरणाने तेव्हा सगळं शहर ढवळून निघालं होतं, पण त्या दिवशी वर नेमकं काय घडलं हे शेवटपर्यंत उलगडलं नाही. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

ते वकील झाले. १८९४ मध्ये एका खटल्यासाठी त्यांना पूर्व आफ्रिकेत झांझिबारला पाठवण्यात आलं. खटला चांगला चालला होता. पण आपल्या अशिलाची बाजू खरीच आहे असं ठासून सांगायची वेळ आली, तेव्हा त्याची खात्री नसताना तसं बोलायला अर्देशीर तयार झाले नाहीत. वकिली तिथेच संपली आणि ते मुंबईला परतले.

पहिला धंदा बुडाला तो एका शिक्क्यामुळे

मुंबईत त्यांनी एका औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून काम धरलं. तिथे त्यांना सुचलं की डॉक्टरांना लागणाऱ्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या आपणच बनवाव्यात. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांनी ३,००० रुपये कर्जाऊ दिले. माल तयार झाला, दर्जाही चांगला होता.

अडलं ते शिक्क्यावर. हत्यारांवर ती भारतात बनल्याचा शिक्का हवा, असा अर्देशीर यांचा आग्रह होता. घेणाऱ्याचं म्हणणं होतं की तसा शिक्का असेल तर माल खपणार नाही. दोघंही मागे हटले नाहीत. धंदा बसला आणि कर्ज डोक्यावर राहिलं.

पेपरातली बातमी आणि लालबागची शेड

मुंबईत तेव्हा घरफोड्या वाढल्या होत्या. त्याबद्दलची बातमी अर्देशीर यांनी पेपरात वाचली. लोकांनी घरांची सुरक्षा सुधारावी, असं पोलीस सांगत होते. बाजारात चांगली कुलपं होती, पण ती विलायती आणि महाग. देशी कुलपं हाताने घडवलेली, उघडायला सोपी.

ते पुन्हा कामांकडे गेले. पहिलं कर्ज फिटलेलं नसतानाही कामांनी दुसरं दिलं. ७ मे १८९७ रोजी लालबागमध्ये गॅस कंपनीजवळ २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये कारखाना सुरू झाला. आजच्या टू बीएचकेमधला हॉलही साधारण एवढाच असतो. कामाला १२ कारागीर होते.

पहिली कुलपं 'अँकर' नावाने निघाली. प्रत्येक कुलपासोबत एक हमीपत्र असायचं. त्यात लिहिलेलं असायचं की हे कुलूप त्याच्या स्वतःच्या किल्लीशिवाय उघडणार नाही आणि एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागणार नाही. जे खरं असल्याची खात्री नाही ते कोर्टात बोलायला नकार देणारा माणूस आता स्वतःच्या मालाबद्दल लेखी शब्द देत होता.

किल्ली बाद करणारं कुलूप

यानंतर त्यांनी 'गॉर्डियन' नावाचं कुलूप आणलं. त्याच्यासोबत दोन किल्ल्या यायच्या. दोन्हींनी कुलूप उघडायचं आणि लागायचं. पण त्यातली एक किल्ली कुलपाची आतली रचनाच बदलू शकायची. तसं केलं की दुसरी किल्ली निकामी.

समजा, दुसरी किल्ली नोकराकडे आहे आणि तो काम सोडून गेला. किल्ली परत मागायची गरज नाही, कुलूप बदलायचीही नाही. मालकाने आपली किल्ली फिरवली की काम झालं. आज कीपॅडवर मास्टर कोड टाकून आपण दुसऱ्या कुणाचा कोड डिलीट करतो, तेव्हा नेमकं हेच करत असतो.

आणि बातमी देणारं कुलूप

दुसरं कुलूप होतं 'डिटेक्टर'. ही कल्पना मूळची इंग्लंडची. १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाल्यावर तिथल्या सरकारने न उघडणाऱ्या कुलपासाठी बक्षीस लावलं होतं आणि १८१८ मध्ये जेरेमाया चब यांनी डिटेक्टर कुलपाचं पेटंट घेतलं. अर्देशीर यांनी ती जात मुंबईत बनवून आणली.

त्याचं काम असं चालायचं. चुकीची किल्ली किंवा तार घातली की आत एक खटका पडून कुलूप अडकायचं. मग खरी किल्लीसुद्धा सरळ फिरायची नाही. ती आधी उलटी फिरवून खटका सोडवावा लागायचा. किल्ली अडली की मालकाने समजायचं, आपण नसताना कुणीतरी हात लावून गेलंय.

आवाज नाही, दिवा नाही, पण काम अलार्मचंच. फरक एवढाच की हे कुलूप चोर येऊन गेल्यावर सांगायचं आणि आजचा सेन्सर चोर दारात असतानाच सांगतो.

पुढे त्यांनी स्प्रिंगच काढून टाकलेलं कुलूप बनवलं आणि त्याचं ब्रिटिश पेटंट मिळवलं. कुलपातली स्प्रिंग झिजते, तुटते आणि मग कुलूप दगा देतं. जो भाग बिघडतो तोच नको, असा हा सरळ हिशोब होता.

तिजोरी, साबण आणि नाशिक

१९०२ मध्ये पहिली तिजोरी तयार झाली. चोरासोबत आगीपासूनही वाचवणारी तिजोरी त्यांना हवी होती. धाकटे भाऊ पिरोजशा धंद्यात आले आणि कारखाना वाढत गेला. कंपनीच्या नावातलं 'बॉइस' हे कामांच्या नात्यातल्या भागीदाराचं. ते लवकरच बाहेर पडले, नाव मात्र राहिलं.

पहिल्या महायुद्धानंतर अर्देशीर साबणाकडे वळले. तेव्हा साबणात जनावरांची चरबी सर्रास वापरली जायची. त्यांनी वनस्पती तेलाचा साबण आणला आणि त्याला नाव दिलं 'चावी'. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. पण देशी आहे म्हणून हलका माल चालवून घ्या, हे त्यांना कधीच पटलं नाही.

१९२८ च्या सुमारास धंदा भावाच्या हाती देऊन ते शेती करायला नाशिकला गेले. १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यानंतर आठ वर्षांनी, १४ एप्रिल १९४४ ला, मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. त्या आगीतून बाहेर काढलेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांमधला ऐवज शाबूत निघाला.

आपल्या कीपॅडसाठी यातून काय घ्यायचं?

बाजारातली बरीच अलार्म किट एकाच ठरलेल्या फॅक्टरी कोडसह येतात. तो कोड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, म्हणजे कुणालाही माहीत असू शकतो. तो न बदलणं म्हणजे सगळ्या कुलपांना एकच किल्ली ठेवण्यासारखं आहे. म्हणून सिस्टीम बसवणारा घराबाहेर पडला की आधी मास्टर कोड बदला. घरकामाला येणाऱ्या मावशी, भाडेकरू, नातेवाईक, प्रत्येकाला वेगळा कोड द्या आणि काम संपलं की तो काढून टाका. दार उघडल्यावर कोड टाकायला मिळणारा वेळ गरजेपुरताच ठेवा. महिन्यातून एकदा दार मुद्दाम उघडून सायरन वाजतो का ते बघा आणि सेन्सरच्या बॅटऱ्या तपासा. चाचणीआधी शेजाऱ्यांना सांगायला विसरू नका.

अर्देशीर यांनी कुलपासोबत हमीचा कागद दिला होता. आपल्या अलार्मची हमी मात्र कोड कुणाकुणाकडे आहे, हे आपल्याला ठाऊक असण्यात आहे.