निर्धन संग्राहक : इतिहासाचार्य वि. का. राजवाडे

मराठीतील जुन्या हस्तलिखितांचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष संपादित संहितेकडे जाते. ती संहिता कोणाच्या माळ्यावरून, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या खर्चाने आपल्यापर्यंत आली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिल्यास त्यांच्या संशोधनपद्धतीचे बळ कशात होते आणि तिची मर्यादा कोठे पडली, हे एकाच वेळी उलगडते. राजवाड्यांचा इतिहासविचार आणि भाषाविचार यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे केवळ संग्राहक राजवाड्यांचा मागोवा घ्यावयाचा आहे.

राजवाड्यांचा जन्म आताच्या रायगड जिल्ह्यातील वरसईचा. पितृछत्र लहानपणीच हरपल्यामुळे शिक्षण ओढाताणीत झाले. मुंबई व पुणे येथे महाविद्यालयीन शिक्षण घेऊन १८९०च्या सुमारास ते पदवीधर झाले. काही काळ त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये अध्यापन केले. पण ती नोकरी टिकली नाही. ऐन तारुण्यात पत्नीचे निधन झाले आणि त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. पुढे ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढून प्लेटोच्या ‘रिपब्लिक’सारखे ग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग त्यांनी केला. तोही सुमारे तीन वर्षांत थांबला. अशा रीतीने वयाच्या पस्तिशीच्या आत नोकरी, संसार आणि नियतकालिक ही तिन्ही मागे पडली. ज्याच्यापाशी द्रव्य नाही, परंतु वेळ, पाय आणि विद्वत्ता आहे, असा हा मनुष्य जुन्या कागदपत्रांच्या शोधाला लागला.

त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. पेशवाईचे सरकारी दप्तर पुण्यात इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि एतद्देशीय अभ्यासकांना ते मोकळे नव्हते. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा राजवाडे हयात नव्हते. म्हणून उरले ते खाजगी दप्तर : सरदार, कारकून, जोशी, कुलकर्णी, मठ आणि पुराणिक यांच्या घरांतले रुमाल. वतने आणि सत्ता गेल्यानंतर या कागदांचा व्यवहारातील उपयोग संपला होता. कोठे वाळवी लागली होती, कोठे ते रद्दीच्या भावाने विकले जात होते, तर कोठे जीर्ण पोथ्या पुण्यकर्म म्हणून नदीत सोडल्या जात होत्या. म्हणजे वस्तू दुर्मिळ होती, पण तिला बाजारभाव नव्हता. निर्धन संग्राहकाला संधी मिळाली ती याच विसंगतीतून. मात्र जो कागद रद्दीत जात होता, तोच कोणी मागू लागताच मालकाच्या मनात वतनाचा, अब्रूचा आणि देवघराचा प्रश्न उभा राही. तेथे पैशापेक्षा विश्वास संपादन करणे अवघड होते.

राजवाड्यांनी या अडचणीवर शोधलेला मार्ग साधा होता. स्वतःच्या हाताने स्वयंपाक करावा, गरजा अगदी कमी ठेवाव्यात, गावोगाव फिरावे, मिळेल तेथे बसून दप्तर चाळावे. मालक देईल तर कागद घ्यावा, न देईल तर नक्कल करावी, आणि हाती आलेले शक्य तितक्या लवकर छापावे. वाई येथे हाती आलेल्या एका घराण्याच्या दप्तरातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. १७५० ते १७६१ या काळातील ही पत्रे पानिपतच्या इतिहासाची पायाभूत साधने ठरली. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. त्यांपैकी काही मजकूर कोल्हापूरहून निघणाऱ्या, वि. गो. विजापूरकर यांच्या ‘ग्रंथमाले’च्या आश्रयाने प्रकाशात आला. पत्रांच्या आधारे बखरींची कठोर परीक्षा करणे शक्य झाले, ते या संग्रहामुळेच.

समकालीन द. ब. पारसनीस यांच्याशी तुलना केल्यास हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. पारसनीसांना संस्थानिकांचा व सरकारचा आश्रय लाभला. कागदपत्रांबरोबर चित्रे आणि दुर्मिळ ग्रंथ जमवून त्यांनी साताऱ्यास संग्रहालय उभारले. तो संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. पारसनीसांचा भर वस्तू जपण्यावर, तर राजवाड्यांचा मजकूर वाचविण्यावर होता. छापलेला कागद जळाला तरी उरतो, ही निर्धनाची सुरक्षितता होय. दोघांचेही निधन १९२६ सालीच झाले.

साहित्याच्या अभ्यासकाला या पद्धतीचे मोल आणि तिची जोखीम ज्ञानेश्वरीच्या उदाहरणात दिसते. बीडनजीक पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे स्वतंत्र व्याकरणही सिद्ध केले. ही पोथी अतिप्राचीन, एकनाथपूर्व परंपरेची असल्याचे त्यांचे मत होते. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाच्या अभ्यासाला या ग्रंथाने दिशा दिली, हे निर्विवाद आहे. परंतु ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांना पडताळणीसाठी उपलब्ध राहिली नाही. त्यामुळे पोथीचा काळ, लेखनाची रूपे आणि संपादकाच्या वाचनाचा भाग यांविषयीचे वाद मुळाशी जाऊन मिटविता येत नाहीत. मजकूर वाचला, पण साक्षीदार हरपला. महानुभावांच्या सांकेतिक लिपीची उकल हे याच्या उलट उदाहरण होय. वि. ल. भावे यांच्याप्रमाणे राजवाड्यांनीही या लिपीचा उलगडा केला. मात्र पोथ्या मठांतून व संग्रहांतून टिकल्या असल्यामुळे पुढील संपादकांना आपले वाचन पुनःपुन्हा तपासता आले.

या उणिवेची जाणीव खुद्द राजवाड्यांना नव्हती, असे म्हणता येणार नाही. एकट्याने फिरून जमविलेले एकट्याच्या झोळीत राहू नये, म्हणून ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. कागद गोळा करणे, त्यांवर टिपणे वाचणे आणि ती छापणे ही कामे आता संस्थेकडे आली. तथापि त्यांचा स्वभाव संस्थेत रमणारा नव्हता. मतभेद होत, ते दूर जात आणि पुन्हा भ्रमंती सुरू होई. उत्तर आयुष्यातही ‘राधामाधवविलासचंपू’ (१९२२) आणि ‘महिकावतीची बखर’ (१९२४) यांसारखी संपादने विस्तृत प्रस्तावनांसह त्यांनी दिली. अखेरचा काळ धुळ्यात गेला आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मागे राहिली ती मुख्यतः टिपणे, नकला आणि कागदांची दप्तरे. त्यांच्या जतनासाठी धुळ्यातील चाहत्यांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले.

आज महाविद्यालयीन अध्यापकाला किंवा संशोधक विद्यार्थ्याला जुन्या पोथीचा शोध घ्यावयाचा झाल्यास त्याची स्थिती राजवाड्यांहून फार निराळी नसते. अनुदान अपुरे आणि घरोघरचे माळे अद्याप पुरते तपासलेले नाहीत. द्रव्याच्या अभावी संग्रह अडत नाही, हे राजवाड्यांच्या चरित्रावरून दिसते. परंतु पोथी कोठे, कोणाकडे, कोणत्या अवस्थेत मिळाली याची नोंद करणे, छापील संहितेबरोबर मूळ प्रत सार्वजनिक संग्रहात पोहोचविणे आणि मालक ती सोडण्यास तयार नसेल तर तिचे छायाचित्रण करून ठेवणे, ही कामे संपादनाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजेत. पाटांगणच्या पोथीबाबत एवढे झाले असते, तर ज्ञानेश्वरीच्या संहिताचिकित्सेतील काही प्रश्न आज तरी खुले राहिले नसते.