मायकेल फॅरडे आणि खाणीतील ठिणगी

थळच्या किनाऱ्यावर सायंकाळी उभे राहिले असता समुद्रात खांदेरीचा दीप चमकू लागतो, हे दृश्य आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचे आहे. हे दीपगृह १८६७ साली उभारले गेले. त्याच वर्षी २५ ऑगस्ट रोजी विख्यात शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे इंग्लंडात निवर्तले. तेथील दीपगृहांची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेचे ते सुमारे तीस वर्षे शास्त्रीय सल्लागार होते. दर्यावर्दी लोकांस दिवा म्हणजे जीवदान. परंतु पृथ्वीच्या पोटात कोळसा खणणाऱ्या मजुरांस त्या काळी दिवाच काळ होऊन बसे. त्या दुसऱ्या दिव्याशीही फॅरडे यांच्या आयुष्याचा निकट संबंध आला. ती हकीकत आज आम्ही आमच्या बालमित्रांपुढे ठेवीत आहो.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. बाप लोहार, प्रकृतीने अशक्त. घरी अठरा विश्वे दारिद्र्य. लिहिणे, वाचणे व थोडे गणित यांपलीकडे त्याचे शिक्षण गेले नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे पुस्तकबांधणीच्या कामावर उमेदवार म्हणून राहिला व तेथे त्याने सात वर्षे काढली. बांधावयास येणारी पुस्तके इतर मुले शिवून बाजूस ठेवीत, मायकेल ती वाचून काढी. विश्वकोशातील विजेवरचा लेख त्याने असाच वाचला. १८१२ साली एका गिऱ्हाइकाच्या कृपेने त्यास सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकावयास मिळाली. त्यांची टिपणे त्याने स्वच्छ लिहून, स्वहस्ते बांधून डेव्ही यांजकडे पाठविली आणि पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत तो त्यांचा मदतनीस झाला.

कोळशाच्या थरांतून मिथेन नावाचा वायू झिरपत असतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा सुमारे पाच ते पंधरा झाले, की एवढ्याशा ज्योतीनेही भयंकर स्फोट होतो. १८१५ साली डेव्ही यांनी ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसविलेला दिवा तयार केला. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतील ज्वाळा बाहेरच्या वायूस पेटवू शकत नाही. ह्या प्रयोगांत तरुण फॅरडे यांनी गुरूंस मोठे साहाय्य केले.

पुढे १८३१ साली चुंबकाच्या योगाने तारेत वीज उत्पन्न करता येते, हा शोध फॅरडे यांनी लावला. आज आपल्या घरी दिवा लावणारी बहुतेक वीज याच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रांतून येते. तीन वर्षांनी त्यांनी आणखी एका गोष्टीचा कसून अभ्यास केला: गुंडाळलेल्या तारेतून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला असता तुटल्या जागी जोराची ठिणगी उडते. त्या ठिणगीचे खाणीतील महत्त्व मात्र जगास कळावयास पुष्कळ वर्षे जावी लागली.

२८ सप्टेंबर १८४४ रोजी डरहॅम परगण्यातील हॅसवेल येथील खाणीत स्फोट होऊन ९५ पुरुष व मुले मरण पावली. सरकारने फॅरडे व भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांस चौकशीकरिता पाठविले. खाणीत हवा किती वेगाने वाहते, हे दाखविण्यासाठी तेथील अधिकाऱ्याने मेणबत्तीच्या ज्योतीवर चिमूटभर बंदुकीची दारू टाकली व धूर कसा जातो ते दाखविले. फॅरडे यांनी दारू कोठे ठेवता म्हणून विचारले. पिशवीत घट्ट बांधून, असे उत्तर मिळाले. पिशवी कोठे आहे, असे पुन्हा विचारता ती आपल्याच बुडाखाली आहे असे त्यांस समजले! पाहुण्यास मऊ बैठक हवी म्हणून त्यांस तिच्यावरच बसविले होते. ते ताडकन उठले, हे सांगणे नकोच. सवयीने माणूस संकटास किती विसरतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

खाणीतील खांबांवर व भिंतींवर जळलेल्या कोळशाच्या पुडीची पुटे चढलेली त्या दोघांनी पाहिली. वायूच्या पहिल्या भडक्याने जमिनीवरची पूड उधळते, पेटते आणि आग दूरवर नेते, हे त्यांनी आपल्या अहवालात नमूद केले. पोकळ जागांत साचणारा वायू बाहेर काढण्याचा उपायही सुचविला. परंतु खाणमालकांनी तो अव्यवहार्य ठरविला. पुडीविषयीचा इशाराही कित्येक वर्षे बाजूस पडून राहिला. त्याची किंमत जगाने मोजली: १९०६ साली फ्रान्सातील कूरियेर येथे हजारावर, आणि आपल्या देशात २८ मे १९६५ रोजी ढोरी येथे २६८ जीव गेले. ही दोन्ही अरिष्टे मुख्यत्वे कोळशाच्या पुडीनेच ओढवली.

पुढे खाणीत वीज आली. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंगेनिड येथे ४३९ खाणकामगार ठार झाले. कारण निश्चित ठरले नाही. तथापि इशाऱ्याच्या विजेच्या घंटेच्या तारांतील ठिणगीवर संशय गेला. फॅरडे यांनी अभ्यासिलेली तुटत्या प्रवाहाची ठिणगी ती हीच. त्यानंतर झालेल्या संशोधनातून खाणीतील विद्युत उपकरणांचे दोन मार्ग दृढ झाले. एकात उपकरण भक्कम लोखंडी पेटीत ठेवतात. आत स्फोट झालाच, तर तप्त वायू पेटीच्या रुंद कडांमधील अतिशय अरुंद फटीतून निवत बाहेर पडतो. हे डेव्हींच्या जाळीचेच तत्त्व. दुसऱ्यात प्रवाह व साठलेली शक्ती इतकी अल्प राखतात, की ठिणगी उडाली तरी वायू पेटू नये. आपल्या चंद्रपूर व वणीकडील खाणींतही असल्याच नियमांनी काम चालते. मात्र पेटीचा एक खिळा ढिला राहिला, तर सर्व शास्त्र व्यर्थ होते.

फॅरडे यांनी सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारले. मुलांसाठी नाताळात व्याख्याने देणे मात्र कधी कमी मानले नाही. लोहाराच्या ह्या मुलाने आयुष्यभर लहान गोष्टींकडे बारकाईने पाहिले: एक ज्योत, एक ठिणगी, चिमूटभर धूळ. आमच्या बालमित्रांनी तीच नजर अंगी बाणवावी. घरातील उघडी पडलेली तार किंवा सैल झालेले बटण दिसले, तर आजवर काही झाले नाही म्हणून ते तसेच राहू देऊ नये; वडील माणसांस ताबडतोब सांगावे. आणि मूल असे काही सांगू लागले, तर पालकांनीही ते क्षणभर थांबून ऐकावे, एवढीच आमची विनंती आहे. हॅसवेलचा इशारा वेळीच ऐकला गेला असता, तर किती घरांतील दिवे विझले नसते!